दुसरा आजार

बाबा,

आज शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, पानथरी म्हणजे नेमकं काय असतं हो?" त्यांच्या सासऱ्यांच्या सोनोग्राफीत ती वाढलेली निघाली होती, आणि मी विज्ञान शिकवते म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी वर्गात सांगते तसंच सांगितलं. पोटात डाव्या बाजूला, बरगड्यांच्या आत, मुठीएवढी असते, रक्त गाळते, जुन्या पेशी मोडीत काढते, पुस्तकात तिला प्लीहा म्हणतात. सांगता सांगता माझा हात आपोआप माझ्या डाव्या कुशीवर गेला आणि तिथेच राहिला. तुमचा हात असाच तिथे असायचा. आपल्या भांड्यांच्या दुकानात गादीवर बसलेले असताना, बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकाला गंज नाहीतर पातेलं दाखवताना, संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसल्यावर. एक हात कामात आणि दुसरा डाव्या कुशीवर, जणू तिथे काही ठेवलंय आणि ते सांडू द्यायचं नाही. साकोलीला घरी आले, चहा केला, तो निवून गेला, आणि मग वही ओढून बसले.

आम्हाला पहिल्यांदा कळलं ते भातावरून. आपल्या घरात भात सोडून दुसरं काही जेवण असतं हे तुम्ही कधी मानलं नाहीत. पोळी म्हणजे तुमच्या लेखी प्रवासात न्यायची वस्तू. आणि त्या वर्षी आसगावच्या शेतावरून काकांनी पाठवलेला नवा तांदूळ शिजलेला, घरभर वास, आई ताटात वाढते आहे, आणि तुम्ही चार घास खाऊन ताट बाजूला सारता. आई म्हणाली, "काहून जी, कच्चा राहिला काय?"

"नाही. पोट भरलं."

"येवढ्यात भरते काय पोट?"

"भरलं म्हणतो ना. वरपर्यंत आलं."

दुसऱ्या दिवशी आईनं भात जरा मऊ केला, तिसऱ्या दिवशी मोकळा केला, मग वरणात लसूण वाढवून पाहिला. आपल्या हाताची चव गेली असं तिला वाटत होतं. ती मला फोनवर हळू आवाजात विचारायची, "तुले तरी आवडते ना माह्या हातचं?" मी तेव्हा नुकतीच साकोलीला नोकरीला लागले होते आणि मला वाटायचं की ही तुमच्या दोघांची रुसवाफुगवी असेल. मग दिवाळीत मी आले आणि पाहिलं, तुमचे हातपाय वाळलेले आणि सदऱ्याची पोटावरची गुंडी लागत नाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला टेबलावर झोपवलं आणि पोटावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकून पाहू लागले. इथे ठोक, तिथे ठोक, कान देऊन ऐकत. मला लगेच दुकान आठवलं. तुम्ही भांडं विकण्याआधी बोटाच्या पेरानं असंच वाजवून दाखवायचात, मला लहानपणी मांडीवर घेऊन शिकवायचात, की चांगलं पितळ लांबपर्यंत बोलते आणि चीर गेलेलं लगेच गप होते. तुम्हालाही तेच आठवलं असणार, कारण तुम्ही पडल्या पडल्या म्हणालात, "काय डॉक्टर, माल सच्चा आहे का?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नागपूरला जायला सांगितलं.

नागपूरच्या त्या खोलीत तुम्ही मला रागावलात, ते अजून माझ्या कानात आहे. मोठे डॉक्टर तुम्हाला विचारत होते आणि उत्तरं मी देत होते. कधीपासून दुखतं, ताप येतो का, घाम येतो का, वजन किती उतरलं. मी शिकलेली, मला सगळं नीट सांगता येतं, असा माझा समज. तुम्ही थोडा वेळ ऐकून घेतलंत आणि मग डॉक्टरांच्या देखतच म्हणालात, "पोरी, पोट माहं आहे. मले बोलू दे." मी खुर्ची जरा मागे घेतली. बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "तू घाबरून बोलून राहिली होती. घाबरून बोललं तं काही ना काही सुटून जाते." आणि खरंच, डॉक्टरांनी विचारलं की कधी रक्त चढवलं होतं का, तेव्हा मी 'नाही' म्हणायच्या बेतात होते. तुम्ही सांगितलंत की तरुणपणी आसगावला धानाची बैलबंडी उलटली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, तेव्हा दवाखान्यात चढवलं होतं. मला ती गोष्ट ठाऊकच नव्हती. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की त्या रक्तातून आलेला विषाणू इतकी वर्षं तुमच्या लिव्हरमध्ये गुपचूप बसून होता. लिव्हरमध्ये गाठ होती. आणि पानथरी एवढी सुजली होती की तिनं पोट दाबून धरलं होतं, म्हणून चार घासांत तुमचं पोट भरत होतं. लिव्हर खराब झालं की पानथरी वाढतेच, असं डॉक्टर म्हणाले. गाठीसकट लिव्हरचा तुकडा काढू, आणि पानथरीही काढून टाकू. तेव्हा सगळ्यांचं लक्ष लिव्हरकडे होतं. पानथरीला कोणी वेगळं काही विचारलं नाही.

ऑपरेशननंतर तुम्हाला पहिल्यांदा जेवायला दिलं तो दिवस मला फार प्रिय आहे. आईनं धर्मशाळेच्या चुलीवर मऊ भात करून आणला होता, डब्यात, वर तुपाचा थेंब. तुम्ही खाटेवर टेकून बसलात, पोटावर आडवी मोठी पट्टी, आणि खायला लागलात. खाताय, खाताय, थांबतच नाही. आई डब्याकडे बघते, तुमच्याकडे बघते. तुम्ही डबा पुसून घेतलात आणि म्हणालात, "अजून आहे काय?" आई पदर तोंडाला लावून खिडकीकडे वळली. नर्सबाई घाईनं आल्या, एवढं नका खाऊ काका म्हणाल्या, आणि तुम्ही लहान मुलासारखे म्हणालात, "लय दिवसानं जागा झाली ना पोटात."

रिपोर्ट यायला वेळ लागला. तो आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावरूनच मी समजायचं ते समजले. ते म्हणाले, "लिव्हरमधली गाठ लिव्हरचीच आहे, आपल्याला माहीत होतं. पण पानथरीतही कॅन्सर निघाला."

"म्हणजे पसरला?"

"नाही. तेच मी सांगतोय. पसरला असता तर पानथरीत लिव्हरच्या पेशी सापडल्या असत्या. या तशा नाहीत. हा वेगळाच आजार आहे, लिम्फोमा म्हणतात. तुमच्या वडिलांना एकाच वेळी दोन कॅन्सर आहेत, एकातून दुसरा आलेला नाही. असं फार क्वचित दिसतं. कदाचित दोन्हींच्या मुळाशी तो विषाणूच असेल, पण खात्रीनं नाही सांगता येत. मात्र एक लक्षात घ्या, लिव्हरचा पसरला असता तर माझ्या हातात फार काही उरलं नसतं. या दुसऱ्याला औषधं आहेत, आणि बऱ्याचदा तो ऐकतो."

मी बाहेर आले. आई बाकावर बसली होती, मांडीवर रिकामा डबा. मी तिच्याजवळ वाकून म्हटलं, "आई, पसरला नाही. दुसरा आहे."

"दुसरा काय?"

"दुसरा कॅन्सर."

आणि बाबा, हे म्हणताना मी हसत होते. मला आवरताच येत नव्हतं. आई माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू पोरीचं डोकं फिरलं. मग तिला रडू फुटलं, "एका माणसाले दोन दोन? देवाले दुसरं घर नव्हतं काय?" आम्ही दोघी अशाच तुमच्या खाटेजवळ आलो, एक रडत, एक हसत. तुम्ही म्हणालात, "आधी दोघी एक काहीतरी ठरवा." मग मी तुम्हाला सगळं सांगितलं, सावकाश, तुम्ही सांगितलं होतं तसं, न घाबरता. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. म्हणालात, "मंजे पयला कापून फेकला आणि दुसऱ्याले दवा आहे. मंग रडता कायले?" पण तुमचा हात चादरीखाली आईचा हात शोधत होता, तो मी पाहिला.

मग सलाईनमधून औषधं सुरू झाली. केस गेले, मिश्या गेल्या. मिश्या गेल्याचं तुम्हाला जास्त लागलं. गिऱ्हाइकं ओळखत नाहीत म्हणालात. लिव्हर नाजूक, म्हणून डॉक्टर मात्रा बेतानं देत, दर वेळी रक्त तपासून. त्यातल्या एका औषधानं तुमच्या बोटांच्या टोकांची जाण गेली. दुकानात भांड्यांवर नाव घालायचं मशीन तुम्ही दुसऱ्या कोणाच्या हातात कधी दिलं नव्हतं. लग्नाच्या मोसमात गिऱ्हाइकं रांगेत थांबायची, तुमचं अक्षर मोत्यासारखं म्हणून. आता अक्षर घसरायला लागलं, मशीन बोटांत आहे की नाही तेच तुम्हाला कळेना. तेव्हा तुम्ही ते फडक्यात गुंडाळून वर फळीवर ठेवून दिलंत. आणि एकदा बसस्टँडवर जाताना मोटारसायकलचा ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही, तुम्ही एका शेळीला वाचवत नालीत गेलात. लागलं नाही फारसं. पण घरी येऊन तुम्ही किल्ली आईसमोर ठेवलीत.

"मी नाही चालवत आता. तू शीक."

आई हसली. आईनं आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. "ह्या वयात? लोक हासतीन ना जी."

"हासू दे. लोकायले फुकटात काही तरी भेटते."

मोटारसायकल देऊन तुम्ही एक जुनी स्कूटी घेतलीत, निळी. मी सुट्टीला आले तर तुम्ही दोघंही सकाळी घरात नाही. शेजारीण म्हणाली, तलावाच्या पाळीवर जाऊन पाय, तिथं दिसतीन. मी गेले. थंडीचे दिवस, तलावावर धुकं, पाळीच्या एका अंगाला कापलेल्या धानाची शेतं. आई नऊवारी खोचून स्कूटीवर बसली आहे, खांदे कानापर्यंत वर गेलेले. तुम्ही मागे चालताय, टकलाला मफलर, एक हात गाडीच्या मागच्या दांडीला. "समोर पाय. चाकाकडे कायले पायतं? चाक कुठी जात नाही." आई म्हणते, "सोडजो नका हं, सोडजो नका." तुम्ही म्हणता, "धरून आहो, धरून आहो," आणि तोवर तुमचे दोन्ही हात खिशात गेलेले. ती तशीच गेली, बऱ्याच लांबपर्यंत, तुम्ही धरून आहात अशा समजुतीनं तुमच्याशी बोलत. मग उत्तर येईना म्हणून तिनं मागे वळून पाहिलं, आणि गाडीसकट बेशरमीच्या झुडपात गेली. तुम्ही इतके हसलात की टाके दुखायला लागले, पोट धरून खाली बसलात. कपडे धुणाऱ्या बाया हसल्या. झुडपातून आई बाहेर आली, हातावर खरचटलेलं, केसात पानं, आणि ती तुमच्याकडे बघून रागवायचं विसरून गेली. इतकं हसताना आम्ही तुम्हाला कितीतरी महिन्यांनी पाहत होतो.

पानथरी नसलेल्या माणसाला ताप आला तर थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. एका दुपारी दुकानात बसल्या बसल्या तुम्हाला हुडहुडी भरली. मी साकोलीला वर्गात. आईनं कपाळाला हात लावला, अंग भाजत होतं. बस निघून गेलेली, गाडीवाला लग्नाला गेलेला, दवाखान्याची गाडी कुठे तरी दूर होती. आईनं तोवर बसस्टँडच्या पलीकडे स्कूटी नेली नव्हती. तिनं तुम्हाला मागे बसवलं, तुमच्याच खांद्यावरचा दुपट्टा घेऊन तुम्हाला आपल्या कमरेशी बांधलं, आणि भंडाऱ्याच्या रस्त्याला लागली. ट्रक येत होते, तिचा पदर सुटत होता, तो तिनं दातात धरला. तुम्ही तिच्या पाठीवर डोकं टेकून काहीबाही बरळत होता, मध्येच म्हणायचात, "हळू, खड्डा आहे," आणि खरंच खड्डा असायचा. हे तिनं मला नंतर सांगितलं.

मी धावत पोचले तेव्हा तुम्हाला आत घेतलेलं होतं, सलाईन लागलं होतं. आई पायरीवर बसली होती. चेहरा धुळीनं पांढरा, डोळे लाल, दुपट्टा अजून कमरेलाच. मी विचारलं, "कोण घेऊन आलं?"

"मीनंच आणलं," ती म्हणाली. मग आपल्याच हातांकडे पाहून म्हणाली, "मीनं आणलं, बापा." डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर कठीण होतं. तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा पहिलं काय बोललात आठवतं? "वळणावर इंडिकेटर नाही दिलं तिनं."

पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास सगळी औषधं संपली आणि पुन्हा स्कॅनचे फोटो काढले. लिम्फोमाचा मागमूस नव्हता. डॉक्टरांनी तुमच्याशी हात मिळवला. तुमच्या मिश्या परत आल्या, जरा पांढऱ्या. बोटंही अर्धीमुर्धी परतली. मशीन फळीवरून खाली काढून तुम्ही पहिलं नाव घातलंत ते माझ्या डब्यावर. तोवर घरच्या प्रत्येक भांड्यावर तुमचंच नाव असायचं. माझ्या डब्यावर नुसतं माझं. अक्षर थोडं तिरकं. मी म्हटलं, छान आलंय, आणि तुम्ही म्हणालात, "खोटं नको बोलू, वाकडं आहे. पण तुहं आहे."

त्यानंतर बराच काळ चांगला गेला. मग लिव्हरमध्ये पुन्हा गाठ दिसली, एक नाही, बऱ्याच. या वेळी डॉक्टरांनी कोणाला एकटं आत बोलावलं नाही. त्यांनी तुम्हालाच सांगितलं, आणि तुम्हीच त्यांना विचारलंत की दुसरा परत आला का. ते म्हणाले, "नाही काका, तो गेला. हा पहिलाच आहे." तुम्ही मान हलवलीत. परतीच्या बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती, आणि तुम्ही आसगावच्या काकांना फोन करून विचारत होता, धान निसवलं काय.

आई तुम्हाला स्कूटीवरून आसगावला घेऊन गेली. मी मागून बसनं गेले. तुम्ही बांधावर खुर्चीत बसला होता, पाय सुजलेले, डोळे पिवळे, समोर धानाच्या लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या आणि त्यांचा तो ओलसर गोड वास. काका म्हणाले, "पाय, तुह्यासाठी राखलं हे." तुम्ही हसलात. आईकडे पाहून म्हणालात, "रस्ता चांगला काटला हिनं. आता इंडिकेटर देते." ते धान कापायला आलं तेव्हा तुम्ही नव्हता. तुम्ही घरीच गेलात, सकाळी, आई चहा घेऊन आली तर डोळे मिटलेले, हात छातीवर जुळलेले. डावी कूस मोकळी होती.

आता दुकान आई बघते. भंडाऱ्याहून माल आणते, कारागिरांशी भांडते, भांडं वाजवून घेते. मी तिला फोन केला की मागे भांड्यांचा आवाज असतो. तुमच्याबद्दल ती फारसं बोलत नाही, आणि बोलली तर तुम्ही शेजारच्या खोलीत असल्यासारखं बोलते, म्हणजे तक्रारीच जास्त.

हे लिहिलेलं मी तिला दाखवणार नाही. वही कपाटात जाईल. एकच सांगायचं आहे. इतक्या वर्षांत लोकांनी विचारलं की तुझ्या बाबांना काय झालं होतं, तर मी एवढंच म्हणते, लिव्हरचा होता. दुसऱ्याचं नावसुद्धा घेत नाही. ज्यांना दोन्ही ठाऊक आहेत त्यांना वाटतं, समजावायला कठीण म्हणून. तसं नाही बाबा. त्या दुसऱ्या आजारात तुम्ही आमच्याजवळ होता, रोज, हसत, चिडत, आणि तो तुम्ही बरा करून गेलात. त्याला मी मरणाच्या गोष्टीत बसवू शकत नाही. कधी कधी मला त्याची आठवण येते, आणि हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.